दर उन्हाळ्यात बिघडणारा डॉट ब्लॉट: व्हॅक्यूम नेमका कुठे गळतो?

डॉट ब्लॉट म्हणजे नमुना व्हॅक्यूमने ओढून मेम्ब्रेनवर, म्हणजे बारीक छिद्रांच्या कागदासारख्या पडद्यावर, ठिपक्याच्या रूपात बसवण्याची चाचणी. तिच्यात गोल ठिपका हवा तिथे शेपूट फुटलेला डाग येतो. काही ठिपके मधे पांढरे आणि कडेने गडद, बांगडीसारखे. एका वेलमधला, म्हणजे साच्यातल्या नमुना घालायच्या खळग्यातला, नमुना अर्ध्या मिनिटात उतरतो, शेजारच्यात तासभर तुंबून राहतो. प्रयोग पुन्हा केला की पुन्हा तेच, फक्त बिघडलेल्या वेलची जागा बदललेली. तुमच्याकडे असे होत असेल तर प्रोब, अँटीबॉडी आणि ब्लॉकिंग या ठिपका ओळखायच्या रासायनिक पायऱ्यांना हात लावण्याआधी हे वाचा. आम्ही दोन उन्हाळे त्यांच्याच मागे लागून घालवले आणि त्यात विद्यार्थ्यांचे नमुने आणि महागडी नायलॉन मेम्ब्रेन वाया गेली.

आम्ही सोलापुरात आहोत. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.ची मुले डाळिंबावर काम करतात, कारण सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातून येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी बाग आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच, केगावला, २००५ पासून आहे. तेल्या रोगाने बाग गेलेली या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. पानात तेल्याचा जिवाणू, म्हणजे झँथोमोनास, आहे की नाही हे एका वेळी बऱ्याच झाडांसाठी तपासायचे तर डॉट ब्लॉट सोयीचा पडतो. मेम्ब्रेन साच्यात आवळून बसवली की तिच्यावर ९६ वेल, आठ आडव्या ओळी, बारा उभ्या. पानातला डीएनए काढायचा, अल्कलीत तापवून त्याचे धागे सुटे करायचे, व्हॅक्यूमने मेम्ब्रेनवर ओढून बसवायचा आणि जिवाणूच्या डीएनएला ओळखणारा प्रोब लावायचा.

ही पद्धत १९७९ साली काफाटोस आणि सहकाऱ्यांनी मांडली तेव्हा त्यांचा भर ठिपक्यांचा व्यास सारखा असण्यावर होता, आणि ते अगदी बरोबर होते. ठिपका पसरला की तितकाच डीएनए जास्त जागेवर विखुरतो आणि फिका दिसतो. मग या झाडात जिवाणू जास्त, त्या झाडात कमी, असे म्हणायला आधारच उरत नाही. म्हणून वाकडा ठिपका हा केवळ दिसण्यातला दोष मानून सोडून देऊ नका.

तर आमचे दुखणे असे चालले. एप्रिल लागला की ब्लॉट बिघडायचा. आम्ही प्रोब नव्याने लेबल करायचो, हायब्रिडायझेशनचे, म्हणजे प्रोब डीएनएला जुळण्याच्या पायरीचे, तापमान दोन अंशांनी वर-खाली करायचो. पावसाळा सुरू झाला की ठिपके आपोआप सुधारायचे आणि शेवटचा जो बदल केलेला असेल त्याला श्रेय मिळायचे. तिसऱ्या वर्षी एका विद्यार्थिनीने जुनी मेम्ब्रेन्स टेबलावर तारखेप्रमाणे मांडली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिने पेन्सिलने वेळ लिहून ठेवण्याची सवय ठेवली होती. सकाळी दहाच्या आधी लावलेले ब्लॉट मे महिन्यातही ठीक होते. दुपारी दोननंतरचे सगळे खराब.

"मॅडम, प्रोब तर दोन्ही वेळचा एकच आहे," ती म्हणाली.

लॅबचे मामा शेजारी काचसामान धूत होते. त्यांनी मान वर न करता सांगितले, "दुपारी टाकीत पाणी नसतंय की."

आमचा व्हॅक्यूम नळाच्या पाण्यावर चालायचा. सिंकच्या तोटीला लावायचा तो वॉटर-जेट बहुतेक महाविद्यालयांत असतो. पाणी अरुंद तोंडातून जोरात जाते आणि जाताना बाजूच्या नळीतली हवा सोबत ओढून नेते, एवढीच त्याची करामत. पण ती पाण्याच्या जोरावर अवलंबून आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक वातावरण भरतो. आमची टाकी गच्चीवर आणि प्रयोगशाळा तिच्या खाली एकच मजला, म्हणजे मुळात जोर बेताचाच. नळाला पाणी काही दिवसांआड यायचे, उन्हाळ्यात बोअरही दमलेली असायची. टाकी सकाळी भरलेली, दुपारी तळाला गेलेली. त्यात खालच्या मजल्यावर कुणी तोटी उघडली की ओढ कमी व्हायची, बंद केली की अचानक वाढायची. वेलमधला नमुना थांबत, गचके खात उतरला तर ठिपका एकसारखा बसणार कसा?

एकदा याहून वाईट झाले. पाण्याचा जोर एकदम गेला आणि सिंकमधले पाणी नळीतून उलटे चढून साच्याच्या तळाशी आले. मधे सापळ्याची बाटली नव्हती. तेव्हापासून नियम आहे: व्हॅक्यूमचा उगम काहीही असो, साचा आणि तो यांच्यामध्ये जाड काचेचा, बाजूला तोटी असलेला फिल्टर फ्लास्क असलाच पाहिजे. साधा कोनिकल फ्लास्क लावू नका, पातळ काच आतल्या बाजूला फुटू शकते. या बाटलीचा दुसरा उपयोग आम्हाला उशिरा कळला. ती जितकी मोठी तितके व्हॅक्यूमचे गचके कमी होतात, कारण मधला साठा धक्के सोसून घेतो. आम्ही आता दोन लिटरची वापरतो.

आणि खरे सांगायचे तर, ज्या गावात माणसे पाण्यासाठी घागरी-पिंपे भरून ठेवतात तिथे तासभर तोटी सोडून चांगले पाणी गटारात घालवणे मला आधीपासूनच टोचत होते. वॉटर-जेट आम्ही काढून टाकला. त्याजागी गाडीच्या ब्रेकमधून हवा काढायला गॅरेजवाले वापरतात तो हाताने दाबायचा, ओढ दाखवणारे काट्याचे घड्याळ असलेला व्हॅक्यूम पंप आणला. ऑटोमोबाइलच्या दुकानात मिळतो आणि डॉट ब्लॉटला पुरून उरतो. छोटा विजेवर चालणारा डायफ्राम पंप असेल तर उत्तमच, पण त्याला हवा सोडणारी वाट ठेवा. नळीत टी-जोड घालून त्याच्या एका तोंडाला सलाइनच्या नळीचा तुकडा लावा. त्यावरचा रोलर फिरवून थोडी हवा आत येऊ दिली की ओढ हवी तेवढी खाली आणता येते. आम्ही घड्याळावर पाऱ्याचे १० सेंटिमीटर ठेवतो. या ओढीला आमच्या साच्यात ०.४५ मायक्रॉनच्या नायलॉनमधून २०० मायक्रोलिटर बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण, साधारण अर्ध्या ते एका मिनिटात उतरते. तुमचा आकडा वेगळा निघेल, तो वेळ मोजूनच ठरवा. घटकन उतरत असेल तर ओढ जास्त आहे. घाईने ओढलेले रेणू मेम्ब्रेनला धरून बसायच्या आत आरपार निघून जाऊ शकतात. प्रथिनांचा ब्लॉट असेल तर आम्ही नमुन्याला व्हॅक्यूम लावतच नाही, तो आपल्या वजनाने उतरू देतो आणि फक्त धुताना हलकी ओढ देतो.

एवढे केल्यावर प्रश्न सुटला असे वाटले. निम्माच सुटला होता. मे महिन्यात दुपारी ठिपके अजूनही बिघडत होते, आणि आता घड्याळ असल्यामुळे का ते दिसले. नमुने घातल्यावर पहिली काही मिनिटे काटा स्थिर असायचा, मग हळूहळू घसरायचा. म्हणजे हवा कुठून तरी आत येत होती, पण सुरुवातीपासून नाही.

इथे मेम्ब्रेनचा एक गुण समजून घेतला पाहिजे. भिजलेल्या मेम्ब्रेनच्या बारीक छिद्रांत पाणी पृष्ठताणाने घट्ट धरलेले असते. ०.४५ मायक्रॉनच्या छिद्रातले पाणी हटवून हवा आत घुसायला एका वातावरणापेक्षा जास्त दाब लागतो. आपला व्हॅक्यूम कितीही ओढला तरी एका वातावरणापलीकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे एखादी वेल रिकामी झाली तरी तिथली ओली मेम्ब्रेन बुचासारखी बसते आणि बाकीच्या वेलची ओढ कायम राहते. सगळा खेळ या ओलाव्यावर आहे. तीच मेम्ब्रेन सुकली की ती चाळणी होते. हवा सरळ आत येते, काटा पडतो, शेजारच्या वेल तुंबतात.

सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर, हवा कोरडी, वर पंखा. अशा वेळी रिकाम्या वेलच्या तळाची मेम्ब्रेन सुकायला फार वेळ लागत नाही. शिवाय आमचे चाळीसच नमुने असायचे, उरलेल्या छप्पन्न वेल मुले तशाच उघड्या सोडायची. छप्पन्न भोके सुकत होती आणि आम्ही हायब्रिडायझेशनचे तापमान बदलत बसलो होतो! दुपारीच दोष का येतो याचे उरलेले अर्धे उत्तर हे.

उपाय सोपे आहेत. न वापरायच्या वेलवर वरून रुंद सेलोटेप घट्ट चिकटवा, किंवा त्यांत बफर भरून ठेवा आणि उतरेल तसे पुन्हा घाला. साचा जोडल्यावर नमुन्याआधी प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर बफर घालून मेम्ब्रेन पुन्हा भिजवा, ही पायरी गाळू नका. शेवटचा थेंब उतरताच ओढ बंद करा. पंखा बंद ठेवा आणि साच्यावर ओला फिल्टर पेपर झाकणासारखा अधांतरी धरून ठेवा, वेलला टेकू देऊ नका. आम्ही तर आता एप्रिल-मे महिन्यात ब्लॉट सकाळी आठलाच लावतो.

यानंतरही काटा पडत असेल तर गळती जोडणीत आहे. ती शोधायची रीत अशी. मेम्ब्रेनच्या जागी त्याच मापाचा पातळ प्लास्टिकचा गुळगुळीत तुकडा ठेवून साचा जोडा, २० सेंटिमीटरपर्यंत ओढा, पंपाकडची नळी चिमट्याने बंद करा आणि पाच मिनिटे काटा बघा. घड्याळ अर्थातच चिमट्याच्या साच्याकडच्या बाजूला हवे. काटा हलला तर साचा वगळून फक्त बाटली आणि नळ्या तपासा. साबणाचा फेस लावून फुगे शोधायची सवय इथे कामाची नाही, कारण हवा बाहेर येत नाही, आत जाते. त्याऐवजी प्रत्येक सांध्यावर पाण्याचा एकेक थेंब ठेवा. जो थेंब आत ओढला जाईल तिथे गळती. आमच्याकडे बाटलीचे रबरी बूच उन्हाने कडक होऊन चिरले होते आणि तीन तोंडांच्या तोटीजवळची नळी सैल झाली होती. दोन्ही बदलायला शंभर-दोनशे रुपयेही लागले नाहीत.

साच्यातली गळती बहुधा गॅस्केटची, म्हणजे साच्याच्या भागांमधल्या रबरी पट्टीची. स्क्रू नुसते हाताने, समोरासमोरचे कोपरे जोडीने घेत आवळा. मग हलका व्हॅक्यूम सुरू करून त्याच क्रमाने पुन्हा एकदा आवळा. व्हॅक्यूममुळे गॅस्केट दबते आणि पहिल्यांदा घट्ट वाटलेले स्क्रू सैल पडलेले असतात. ही दुसरी आवळणी बहुतेक जण विसरतात. एक कोपरा जास्त आवळला की समोरचा उचलला जातो, आणि मग एकाच कोपऱ्यातल्या सात-आठ वेलमध्ये शेपट्या फुटतात.

आमच्याकडे या गळतीचे कारण भलतेच निघाले. सोलापूरचा टेरी टॉवेल प्रसिद्ध, घरोघरी आणि प्रयोगशाळेतही तोच. साचा धुऊन मुले गॅस्केट टॉवेलने पुसायची. त्याचा एखादा सुती धागा गॅस्केटवर चिकटून राहायचा. मेम्ब्रेनखाली आलेला असा धागा वातीचे काम करतो, एका वेलमधले पाणी शेजारच्या वेलकडे नेतो. हाताच्या भिंगाने पाहिले तेव्हा धागा दिसला, आणि शेपट्यांची दिशाही नेमकी त्याच्या बाजूने होती. टॉवेल आपल्या जागी उत्तम आहे, पण साच्याला फक्त वाऱ्यावर सुकवा.

जोडणी ठीक आहे हे कळायला नमुना घालायच्या आधी रंगाची चाचणी करा. आमच्या प्रयोगशाळेत आता कुणालाही याशिवाय नमुना घालू देत नाही. बफरमध्ये अगदी थोडा ब्रोमोफिनॉल ब्लू मिसळा, धनभारित नायलॉनचा एक टाकाऊ तुकडा लावा आणि प्रत्येक वेलमधून २०० मायक्रोलिटर ओढा. हा रंग ऋणभारित असल्यामुळे अशा नायलॉनला धरून बसतो आणि द्रव नेमका कुठून कसा गेला याचा नकाशा उमटतो. नायट्रोसेल्युलोजवर प्रथिन बसवत असाल तर बीएसए हे कमी किमतीचे प्रथिन घालून पॉन्सो एस या लाल रंगाने रंगवा, तेच दिसेल.

या नकाशावरचे आकार वाचायला शिका. शेपूट म्हणजे बाजूने गळती: गॅस्केट, स्क्रू, धागा, किंवा साचा सोडवताना वेलमध्ये उरलेला थेंब पसरलेला. यासाठी आम्ही स्क्रू सोडवताना हलकी ओढ चालू ठेवतो, वरचा भाग उचलतो आणि मगच व्हॅक्यूम बंद करतो. अर्धा चंद्र म्हणजे वेलच्या तळाशी हवेचा बुडबुडा, किंवा नमुना इतका कमी की तळ पूर्ण झाकलाच नाही. २० मायक्रोलिटर घालून गोल ठिपक्याची अपेक्षा करू नका, तेवढाच डीएनए बफरने वाढवून २०० करून घाला. बुडबुडा दिसला तर पिपेटने हळूच वर-खाली करा, टोक मेम्ब्रेनला न लावता. सुई घालून बुडबुडा फोडणाऱ्याने आमच्याकडे मेम्ब्रेनलाच भोक पाडले होते.

बांगडीचा विचार जरा वेगळा. तीही बुडबुड्याने येते, पण नमुना फार झाल्यानेही येऊ शकते. हिशोब करा: तीन मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्याचे क्षेत्रफळ जेमतेम ०.०७ चौरस सेंटिमीटर आहे. नायट्रोसेल्युलोज चौरस सेंटिमीटरला साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम प्रथिन धरते, म्हणजे एका ठिपक्यावर सहा-सात मायक्रोग्रॅम. त्यावर पन्नास मायक्रोग्रॅम ओतले तर उरलेले जाणार कुठे? शंका असेल तर एकाच नमुन्याचे निम्मे-निम्मे करत सहा सौम्य नमुने शेजारी लावा. पातळ केल्यावर बांगडी भरून गोल ठिपका झाला तर दोष व्हॅक्यूमचा नव्हता.

आता तुंबणाऱ्या वेलबद्दल, कारण डाळिंबात हे फार होते. रंगाचे पाणी सगळीकडून सारखे उतरते आणि नमुनाच तुंबतो, तेव्हा नमुन्याकडे बघायचे. डाळिंबाच्या पानात टॅनिन आणि इतर पॉलिफिनॉल भरपूर. ते डीएनएला चिकटतात आणि अर्क तपकिरी करतात. वर पानातली शर्करायुक्त चिकट द्रव्ये, आणि जिवाणूही तसाच चिकट: झँथोमोनास स्वतःभोवती झँथन नावाचा डिंक तयार करतो. आइस्क्रीम आणि सॉस घट्ट करायला वापरतात तोच. पानाचा चिकटपणा आणि जिवाणूचा डिंक मिळून ०.४५ मायक्रॉनची छिद्रे बंद करतात. यातली वाईट गोष्ट अशी की सर्वांत रोगट पानाचा नमुना सर्वांत जास्त तुंबतो. कमी उतरतो, म्हणून फिका दिसतो, आणि रोगट झाड निरोगी ठरते.

डीएनए काढताना सीटॅब या पेशी फोडणाऱ्या साबणासारख्या द्रव्याच्या बफरमध्ये १.४ मोलर मीठ ठेवा आणि दोन टक्के पीव्हीपी घाला. मीठ चिकट द्रव्यांना डीएनएपासून दूर ठेवते, पीव्हीपी पॉलिफिनॉल धरून ठेवते. कोवळे पान घ्या, जून पान टाळा. ०.४ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि १० मिलिमोलर ईडीटीए यांत १०० अंशांना दहा मिनिटे ठेवून धागे सुटे केले की लगेच बर्फात ठेवा आणि मग पाच मिनिटे सेंट्रिफ्यूजमध्ये पूर्ण वेगाने फिरवून वरचे नितळ तेवढेच घ्या. या शेवटच्या फिरवण्याने आमचे तुंबणे जवळजवळ संपले. व्हॅक्यूम वाढवून तुंबलेली वेल मोकळी करायचा मोह होतो, करू नका. डिंक आणखी घट्ट बसतो आणि शेजारच्या वेल मात्र कोरड्या पडतात. हा सोडियम हायड्रॉक्साइडमधला नमुना धनभारित नायलॉनवर सरळ चालतो. नायट्रोसेल्युलोजवर चालत नाही. तिथे आधी उदासीन करावा लागतो आणि भरपूर मिठात घालावा लागतो.

रोज त्याच वेल तुंबत असतील, नमुना कोणताही असो, तर मेम्ब्रेन काढून खालची आधारपट्टी उजेडासमोर धरा. आमच्या बोअरचे पाणी जड आहे, चहाच्या भांड्यात पांढरा थर धरणारे. त्याच पाण्याने धुतल्यामुळे पट्टीच्या बारीक भोकांत क्षार साचले होते आणि ९६ पैकी अकरा भोके निम्मी बुजली होती. सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळते ते, पाच टक्के करून रात्रभर बुडवले, मऊ ब्रशने घासले आणि ऊर्ध्वपातित पाण्याने धुतले. आता शेवटचे धुणे नेहमी ऊर्ध्वपातित पाण्याचेच. अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, क्लोरोफॉर्म अ‍ॅक्रिलिकच्या साच्याला लावू नका, त्याला बारीक तडे जातात. ऑटोक्लेव्हमध्ये तर मुळीच घालू नका, साचा वाकला की कोणतीही गॅस्केट त्याला वाचवू शकत नाही.

हे सगळे झाल्यावर भिंतीवर एक वही टांगली. ब्लॉट लावणारा त्यात वेळ, खोलीचे तापमान, सुरुवातीचा आणि दहा मिनिटांनंतरचा काटा, आणि उशिरा उतरलेल्या वेलचे क्रमांक लिहितो. यंदा मे महिन्याच्या पानांवर दोन्ही काट्यांत फरक जवळजवळ नाही. एकच वेल, शेवटच्या ओळीतली एच-१२, पट्टी साफ करूनही अजून सावकाश उतरते. भोकाच्या कडेला जुना ओरखडा आहे, तो बुजत नाही. तिच्यावर आम्ही टेप लावतो आणि पंचाण्णव नमुने घेतो.